रात्रपाळीच्या सिस्टरला विचारा

संपादक महोदय,

पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात ३१ वर्षं नोकरी करून मी इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. तिथे आता नवी संगणक प्रणाली घ्यायचं चाललं आहे, असं जुन्या मैत्रिणींकडून कळलं. निवड समितीत डॉक्टर आहेत, अकाउंट्सचे साहेब आहेत, आयटीवाले आहेत. वॉर्डातली सिस्टर एकही नाही. म्हणून हे पत्र.

मागची प्रणालीही अशीच आली. सभागृहात पडद्यावर दाखवलेल्या रुग्णाला दोनच औषधं होती. आमच्या मेडिकल वॉर्डात एकेका आजोबांना बारा-चौदा असतात. २८ खाटांना एक संगणक, तोही नर्सिंग स्टेशनवर. बीपी, शुगर, लघवीचं माप तळहातावर नाहीतर चिकटपट्टीच्या तुकड्यावर लिहायचं आणि सवड मिळाली की संगणकात भरायचं. रात्री दहाला दिलेलं अँटिबायोटिक सव्वा वाजता भरलं, की प्रणाली सव्वा हीच वेळ धरायची, ती बदलता यायची नाही. मग सकाळी राउंडला डॉक्टर विचारायचे, डोसला तीन तास उशीर का? पुढच्या डोसची वेळही त्याच हिशेबाने सरकायची. बिलं मात्र चोख निघत, हे मान्य करते.

त्याहून गंभीर गोष्ट जुन्या नोंदींची. ती प्रणाली आली तेव्हा आधीच्या कंपनीकडचा डेटा तिच्यात उतरलाच नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या एक बाई पुन्हा भरती झाल्या, तर ॲलर्जीचा रकाना कोरा. त्यांच्या मुलीने जुनं डिस्चार्ज कार्ड पिशवीत जपून ठेवलं होतं, म्हणून इंजेक्शन थांबलं. ते आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

कंपनी बदलली तरी सगळ्या नोंदी प्रमाणित स्वरूपात परत मिळतील, हे करारातच लिहून घ्या. केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानकं २०१३ मध्ये ठरवली, २०१६ मध्ये सुधारली. त्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र तर पुण्यातच, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे. तिथल्या जाणकारांना एकदा विचारायला काय हरकत आहे? आभा क्रमांक, म्हणजे आरोग्य नोंदी जोडण्यासाठीचा सरकारी १४ आकडी क्रमांक, जोडता येतो एवढ्यावर भुलू नका. १४ आकडे जुळले तरी आतली ॲलर्जी कोरी राहू शकते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ल्यामुळे दिल्लीच्या एम्सचं काम कितीतरी दिवस कागदावर चाललं. म्हणून छापील टीपीआर शीट (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदीचा कागद) आणि औषधांचे तक्ते प्रत्येक वॉर्डाच्या कपाटात हवेतच.

आणि सही करण्याआधी प्रत्येक कंपनीची प्रणाली एक आठवडा वॉर्डात चालवून बघा. नावं बदललेले आपलेच केसपेपर द्या: अपघातात आलेला अनोळखी माणूस, शेजारशेजारच्या खाटांवर एकाच नावाच्या दोन बायका. रात्रपाळीच्या सिस्टरला ते भरू द्या आणि तिचं म्हणणं समितीच्या इतिवृत्तात नोंदवा. बोलावलंत तर मीही येईन, रात्री येईन.

— एक निवृत्त इन्चार्ज सिस्टर,
कोथरूड, पुणे