खांब उपटण्याचे काम दाखवून विकलेल्या लोडरची वॉरंटी नाकारल्याबाबत तक्रार

दिनांक : २० मे २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझ्या ४५ एचपी ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेला आपल्या कंपनीचा फ्रंट लोडर, म्हणजे दोन आर्मनी बकेट उचलणारे यंत्र, द्राक्षबागेचे जुने खांब काढताना मोडला. उजव्या आर्मला पीळ पडला आहे आणि दोन्ही आर्म जोडणारा आडवा पाइप उजवीकडच्या वेल्डिंगजवळ फाटला आहे. लोडर अजून वॉरंटीत आहे. तरीही आपल्या सर्व्हिस इंजिनिअरने पाहणी करून लेखी कळवले, की हा लोडर माती आणि शेणखत भरण्यासाठी आहे, खांब ओढल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही.

हे मला मान्य नाही. आपल्या माहितीपत्रकात लोडरच्या कामांमध्ये 'खांब उपटणे' असे स्वच्छ छापलेले आहे, बाजूला फोटोही आहे. कृषी प्रदर्शनात आपल्या विक्री प्रतिनिधीने जमिनीत रोवलेला लोखंडी अँगल साखळी लावून आम्हा शेतकऱ्यांसमोर उपटून दाखवला. ते पाहूनच मी आगाऊ रक्कम भरली. नुसते शेणखत भरायचे असते तर मी एवढा खर्च केलाच नसता, त्याला गावात माणसे मिळतात. जे काम दाखवून यंत्र विकले, तेच काम केले म्हणून वॉरंटी नाकारायची, हा कुठला व्यवहार?

खांब काढण्याचे काम आमच्याकडे किती महत्त्वाचे आहे ते सांगतो, कारण आपल्या इंजिनिअरला ते किरकोळ वाटले. दिंडोरी, निफाड भागात बाग जुनी झाली की माल निघाल्यावर ती तोडतात. आधी तारा सोडायच्या, मग वेली काढायच्या आणि शेवटी अँगल, म्हणजे लोखंडी खांब. माझी थॉमसन या द्राक्ष वाणाची बाग जुनी आहे. आत वाय (Y) आकाराचे लोखंडी अँगल आहेत, कडेला तारा ताणून धरणारे दगडी खांब आहेत. अँगल सरळ निघाला तर नव्या बागेत पुन्हा उभा राहतो. वाकला तर भंगारात किलोवर जातो. दगडी खांबाला आडवा धक्का बसला की तो जमिनीलगत तुटतो आणि खालचा तुकडा मातीतच राहतो, पुढे नांगराला लागतो. म्हणून आडवे न ढकलता सरळ वर उचलणारे यंत्र आम्हाला हवे असते, आणि लोडरचे नाव त्यासाठीच घेतले जाते.

त्यातही वेळ फार थोडा मिळतो. एप्रिल-मेमध्ये आमची काळी जमीन वाळून दगडासारखी होते आणि अँगलला चहूबाजूंनी आवळून धरते. त्यामुळे ठिबक सोडून माती भिजवायची, वापसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाली, की खांब काढायचे. पाणी जास्त झाले तर ट्रॅक्टर रुततो आणि ओला चिखल खांबाला खालून धरून ठेवतो. पाऊस सुरू झाला की काम संपलेच. मी हे सगळे पाळून काम करत होतो. वापसा होता, साखळीचा फास जमिनीलगत टाकलेला होता, ट्रॅक्टर लो गिअरमध्ये होता, आणि मागे वजन राहावे म्हणून रोटाव्हेटर जोडलेला होता. यातले एकही वाक्य आपल्या पुस्तिकेत नाही. ही माहिती मला इथल्या जुन्या ट्रॅक्टरवाल्यांकडून मिळाली.

आता मुख्य मुद्दा. प्रदर्शनातल्या लोडरच्या बकेटला हूक मधोमध होता. मला जो लोडर दिला, त्याच्या बकेटच्या ओठावर एकच हूक आहे आणि तो उजव्या कोपऱ्यात वेल्ड केलेला आहे. बसवायला आलेल्या मेकॅनिकला मी विचारले, तेव्हा या मॉडेलला असाच येतो, असे उत्तर मिळाले. दोन्ही सिलेंडरना तेलाचा दाब सारखाच मिळतो, पण ओझे एका कोपऱ्यावर आले की दोन आर्म सारखे उचलू शकत नाहीत. सगळा पीळ आडव्या पाइपवर आणि त्याच्या वेल्डवर जातो. माझा पाइप नेमका तिथेच, हूकच्याच बाजूला फाटला आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या ज्या वेल्डरला मी तो दाखवला, त्याने वेल्ड आतपर्यंत गेलेलाच नाही, वरवरचा आहे, असे सांगितले. फोटो सोबत आहेत, आपण स्वतः पाहावे.

लोडरचा जोर कमी असतो असेही नाही. ५० मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) एक सिलेंडर १७० बार दाबाला साधारण ३.४ टन जोर देतो, आणि असे दोन आहेत. सिलेंडर बिजागरीजवळ असल्यामुळे बकेटपर्यंत त्यातला थोडाच भाग पोहोचतो हे मला कळते. पण तो किती पोहोचतो हेच आपण सांगत नाही. पत्रकात 'क्षमता १,००० किलो' एवढेच लिहिले आहे. ती बकेटच्या मध्यावर की ओठावर, जमिनीलगत की पूर्ण उंचीवर, याचा पत्ता नाही. पूर्ण उंचीवरचा आकडा आणि जमिनीलगतचा आकडा एक नसतो, हे यंत्र बनवणाऱ्याला मी सांगायची गरज नसावी.

लोडरची बकेट सरळ रेषेत वर जात नाही, हेही पुस्तिकेत यायला हवे होते. आर्म बिजागरीभोवती फिरतात, म्हणून जमिनीवरून उचलताना बकेट आधी थोडी पुढे सरकते. ड्रायव्हरने ट्रॅक्टर त्या अंदाजाने हळूहळू मागे घेतला नाही तर साखळी तिरपी होते आणि अँगल वाकतो. नवख्या माणसाला हे कोण सांगणार? लोडरसोबत दिलेल्या साखळीवर ग्रेडचा (ताकदीच्या दर्जाचा) किंवा वजनाचा शिक्काच नाही. ग्रेड ८० ची १० मिमी साखळी सरळ उचलीला ३.१५ टनांपर्यंत चालते, आणि फास टाकला की ती मर्यादा आणखी कमी होते. आपली साखळी कुठल्या ग्रेडची आहे ते मला आजही माहीत नाही. ती तुटली असती तर मजुरांचे काय झाले असते, याचा विचार करून झोप लागत नाही. पाइप फाटला तेव्हा बकेट एका बाजूला कलंडली. माणसे लांब उभी होती म्हणून निभावले. आपल्या पुस्तिकेत माणसांना किती लांब उभे करावे याबद्दल एक ओळ नाही, आणि ती पुस्तिका इंग्रजीत आहे. माझा ड्रायव्हर मराठी वाचतो.

माझी मागणी अशी आहे. फाटलेला पाइप आणि पीळ पडलेला आर्म वॉरंटीत, विनामूल्य बदलून द्यावेत. तेथेच पुन्हा वेल्डिंग मारून दिलेले मला चालणार नाही. बकेटला मधोमध हूक बसवून द्यावा, शिक्का असलेली साखळी द्यावी, आणि कुठल्या उंचीला किती ओझे चालते ते लेखी कळवावे. खांब उपटण्याची पद्धत सांगणारी मराठी पुस्तिका मला आणि या मॉडेलच्या प्रत्येक ग्राहकाला मिळाली पाहिजे. आणि हे काम लोडरला झेपत नाही असे आपले खरोखर मत असेल, तर लोडर परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी आणि माहितीपत्रकातून तो फोटो काढावा. जाहिरातीत हे काम दाखवायचे आणि त्यासाठी वॉरंटी नाकारायची, या दोन्ही गोष्टी एकदम चालणार नाहीत.

मला घाई आहे. पावसाआधी रान मोकळे झाले नाही तर हिरवळीच्या खतासाठी ताग पेरता येणार नाही, आणि फेब्रुवारीत नव्या बागेसाठी डॉगरीज खुंट (ज्यावर द्राक्षाचे कलम करतात ती रोपे) लावायचे नियोजन पुढे ढकलावे लागेल. दुरुस्तीला उशीर लागत असेल तर तोपर्यंत वापरायला दुसरा लोडर पाठवावा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूच्या दर्जाची माहिती मिळणे हा माझा हक्क आहे, आणि दिशाभूल करणारी जाहिरात हा त्याच कायद्याखाली तक्रारीचा विषय आहे. मी लोडर पोटापाण्यासाठी, स्वतःच्या शेतीसाठी घेतला आहे, त्यामुळे व्यावसायिक वापराचे कारण इथे लागू होत नाही. वापराच्या पुरेशा सूचना न दिल्यामुळे उद्या कोणाला इजा झाली, तर उत्पादकाची जबाबदारी कलम ८४ मध्ये सांगितलेली आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मोडलेला लोडर जसाच्या तसा शेडमध्ये ठेवला आहे. आपला माणूस केव्हाही येऊन पाहू शकतो, फक्त या वेळी वेल्डिंग समजणारा पाठवावा.

आपला,
द्राक्ष उत्पादक शेतकरी
ता. दिंडोरी, जि. नाशिक

सोबत : बिल व वॉरंटी कार्डाची प्रत, माहितीपत्रक, इंजिनिअरचा लेखी अहवाल, फाटलेल्या पाइपचे व हूकचे फोटो