इतिहासाच्या पेपरात 'कशावरून?' हे विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिरूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सहावी-सातवीला इतिहास शिकवते. परवाच चाचणीचे पेपर तपासले. हडप्पा कोणत्या नदीकाठी? रावी. उत्खनन कधी सुरू झाले? १९२१. बहुतेकांचे बरोबर. पण हडप्पाची लिपी आजही वाचता आलेली नाही, मग तिथल्या माणसांबद्दल आपण एवढे सांगतो ते कशावरून, असा एकही प्रश्न त्या छापील पेपरात नव्हता. मुलांना खरी ओढ असते ती याच प्रश्नाची.

मी सुरुवात राजस्थानातल्या कालीबंगनच्या शेतापासून करते. हडप्पा शहरे भरभराटीला येण्याआधीचे ते नांगरलेले शेत तासांसकट, म्हणजे नांगराने पडलेल्या चरांसकट, मातीखाली सापडले. एका दिशेचे तास साधारण ३० सेंटीमीटरवर, त्यांना छेदणारे १९० सेंटीमीटरवर. फळ्यावर आखून विचारले, असे का? एरवी तोंड न उघडणारा मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "बाई, दोन पिकं घेत असतील. आमचे आबा ज्वारीत करडईच्या ओळी टाकतात." तिथल्या आजच्या शेतकऱ्यांची मोहरी आणि कडधान्याची पेरणी पाहून पुरातत्त्वज्ञांनीही नेमका हाच अंदाज बांधला होता. त्या दिवशी तो मुलगा पहिल्या बाकावर येऊन बसला.

आणि आमच्याच तालुक्यात, घोड नदीकाठी, इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक हंगाम तिथे उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावे. इ.स.पू. १६०० ते ७०० च्या दरम्यान तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. मैदानावर फक्कीने आम्ही आधीच्या काळातले चौकोनी घर आखले, शेजारी नंतरची लहान गोल झोपडी. घर लहान का झाले? पाऊस कमी झाला, शेती पिकेना, लोक शेळ्या-मेंढ्या आणि शिकारीवर आले, असे अभ्यासक मानतात. मेंढरांमागे रानोमाळ फिरणाऱ्या घरातली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे ते पण आमच्यासारखे बिऱ्हाड घेऊन निघाले." दुष्काळ म्हणजे काय, हे तिला मी काय शिकवणार?

इनामगावची दफने सांगावीत की नाही, याचा मी फार विचार केला. लहान मुलांना दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. सांगितले. वर्ग गप्प झाला, मग एकीने विचारले, "घरातच का?" आम्ही वहीत दोन रकाने केले, 'दिसले' आणि 'वाटते'. तोडलेले पाय पहिल्या रकान्यात गेले. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून तोडले असावेत, हा तर्क दुसऱ्यात. अकरा वर्षांची मुले हा फरक बरोबर पाळतात, मोठ्यांपेक्षा काटेकोर पाळतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून पेपर काढणाऱ्यांना विनंती, चार गुणांचा तरी एक प्रश्न 'कशावरून?' असा असू द्या.

गेल्या पावसाळ्यात एक जण शेतातून खापर घेऊन आला. तांबडे, त्यावर काळ्या रेघा. मी ते होते तिथेच परत ठेवायला लावले, कारण वस्तू जागेवरून हलली की ती कोणत्या थरातली हे कळण्याचा मार्ग बंद होतो. त्याला ते पटले, पण त्याने विचारले, "मग असली भांडी आम्ही बघायची कुठं?" डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात. आमची सहल मात्र दोन वर्षे वॉटर पार्कला गेली. केंद्रशाळेत अशा वस्तूंच्या प्रतिकृतींची एक पेटी ठेवली, तरी आसपासच्या शाळा ती आळीपाळीने नेतील. दिवाळीनंतर सहलीच्या परवानगीचे अर्ज वर जातील. त्याआधी संबंधितांनी या मुलाच्या प्रश्नाचा विचार करावा, ही विनंती.

आपली,
एक शिक्षिका, ता. शिरूर, जि. पुणे