आफ्रिकेला ॲप देण्याआधी तिथली नोंदवही वाचा

महोदय,

सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत आफ्रिकी महासंघ जी-२० चा सदस्य झाला. तेव्हापासून ‘भारताने आफ्रिकेला डिजिटल तंत्रज्ञान द्यावे’ हे वाक्य सतत कानी पडते. इथिओपियाचे ‘फायदा’ ओळखपत्र बंगळुरूच्या आयआयआयटीत घडलेल्या ‘मोसिप’ या ओळखपत्रांच्या मुक्त सॉफ्टवेअरवर उभे आहे, याचा आम्हालाही अभिमान आहे. पण आरोग्याच्या आकडेवारीपुरते बोलायचे तर तंत्रज्ञान तिकडून इकडे आले आहे. नवे प्रकल्प आखणाऱ्यांनी तो इतिहास आधी समजून घ्यावा, म्हणून हे पत्र.

१९९४ साली वर्णभेदी राजवट संपली, तेव्हा दक्षिण आफ्रिकेला वारशात १४ आरोग्य खाती मिळाली. वंशानुसार वेगळी, ‘होमलँड’नुसार (कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या वेगळ्या प्रदेशांनुसार) वेगळी, आणि प्रत्येकाचे तक्तेही वेगळे. केपटाऊनचे आरोग्य कार्यकर्ते, वेस्टर्न केप विद्यापीठ आणि नॉर्वेचे ऑस्लो विद्यापीठ यांनी मिळून यातले कळीचे काम केले ते रकाने छाटण्याचे. ज्या आकड्यावर दवाखान्यात कोणी निर्णय घेणार नाही, तो गोळाच करायचा नाही. मग त्या मोजक्या रकान्यांसाठी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसवर ‘डीएचआयएस’ हे दवाखान्यांचे आकडे एकत्र करणारे मोफत सॉफ्टवेअर तयार झाले. त्याची वेबवर चालणारी आवृत्ती, डीएचआयएस-२, पहिल्यांदा वापरली गेली ती २००६ मध्ये आपल्या केरळात. २०११ मध्ये केनियाने ती देशभर ऑनलाइन नेली. आज ७० हून अधिक देश ती वापरतात.

हे चालते कसे? केनियातल्या छोट्या दवाखान्यात लसीकरणाच्या दिवशी नर्सपुढे टॅली शीट असते. त्यावर छापील शून्यांच्या रांगा असतात. एक डोस दिला की एक शून्य खोडायचे. महिनाअखेर खोडलेली शून्ये मोजून बेरीज ‘एमओएच ७१०’ या तक्त्यात उतरवायची. पुढे तो आकडा संगणकात जातो. चुका बहुतेक या कागदावरच होतात.

समजा, एका महिन्यात पेंटाचा (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा) पहिला डोस ४० बाळांना आणि तिसरा २८ बाळांना दिला. गळती १२, म्हणजे ३० टक्के. १० टक्क्यांच्या वर गेली की ती बाळे कुठे राहिली, हे शोधायलाच हवे. पण पहिला ४० आणि तिसरा ४६ दिसला तर? बेरीज चुकली असेल, आकडा शेजारच्या रकान्यात पडला असेल, किंवा दुसऱ्या दवाखान्याची बाळे तिसऱ्या डोससाठी इथे आली असतील. सॉफ्टवेअर ‘हे जुळत नाही’ एवढेच सांगते. कारण शोधायला कोणीतरी नोंदवही उघडावी लागते.

रिकामा रकाना त्याहून फसवा. गोवरचा रुग्ण आढळला नाही म्हणून तो रिकामा आहे, की कोणी भरलाच नाही? डीएचआयएस-२ मध्ये मुळात शून्य साठवलेच जात नाही. ज्या रकान्यात हवे, तिथे ती सोय मुद्दाम चालू करावी लागते. साथरोगांसाठी ती चालू हवीच. सरसकट सगळीकडे चालू केली, तर डेटाबेस शून्यांनीच फुगतो. हा निर्णय साथींचा अनुभव असलेल्या माणसाने घ्यायचा असतो, प्रोग्रामरने एकट्याने नव्हे.

छेदाचा, म्हणजे टक्केवारी काढताना ज्या एकूण बालसंख्येने भागायचे तिचा, प्रश्न निराळाच. नायजेरियात शेवटची जनगणना २००६ ची; दवाखान्यामागची बालसंख्या तिच्यावरून अंदाजाने काढावी लागते. वस्ती वाढली की लसीकरण १३० टक्केही दिसू शकते, आणि वस्ती उठून गेली की चोख काम करणारे केंद्रही नापास ठरते. आपली शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची, हे इथे आठवावे.

या अडचणींवर नव्या ॲपचा उतारा चालत नाही. युगांडात प्रायोगिक प्रकल्पांची इतकी गर्दी झाली की २०१२ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने नव्या डिजिटल आरोग्य प्रकल्पांना स्थगितीच दिली. प्रत्येक देणगीदार आपला फोन आणि आपला तक्ता घेऊन येतो. तोच आकडा नर्स दोनदा, तीनदा लिहिते आणि तेवढा वेळ रुग्णाचा जातो. निधी संपला की सर्व्हरचे भाडे आणि डेटा ऑपरेटरचा पगार दोन्ही थांबतात. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, तेव्हा परक्या पैशावर उभ्या असलेल्या यंत्रणा किती कच्च्या पायावर आहेत, हे उघड झाले.

टिकले ते माणसे घडवण्याचे काम. मोझांबिकमधल्या मापुटोचे एदुआर्दो मोंडलाने विद्यापीठ आणि टांझानियाचे दार-ए-सलाम विद्यापीठ यांनी ऑस्लोबरोबर पदव्युत्तर आणि पीएचडीचे विद्यार्थी तयार केले. युगांडा, टांझानियात स्थानिक गट उभे राहिले. तक्ता बदलला की तो यंत्रणेत बसवायला परदेशी सल्लागाराचे विमान पकडावे लागत नाही.

म्हणून पुण्या-मुंबईच्या संस्थांना आणि कंपन्यांना आमची कळकळीची विनंती आहे. आफ्रिकेत आरोग्याचा प्रकल्प घेताना पहिले तीन महिने कोड लिहू नका. दवाखान्यातले सगळे तक्ते एका टेबलावर मांडा, दुबार येणारे रकाने नर्सच्याच हातून खोडून घ्या. तिथे डीएचआयएस-२ असेल तर त्यातच भर घाला, समांतर काही उभे करू नका. करारात देखभालीची किमान पाच वर्षांची तरतूद आणि स्थानिक अभियंत्यांचे पगार लिहून घ्या. आणि दवाखान्याच्या भिंतीवर लसीकरणाचा हाताने काढायचा आलेख असतो, पेंटा-१ आणि पेंटा-३ च्या दोन चढत्या रेषांचा, तो कागद आणि पेनही अंदाजपत्रकात धरा. त्या दोन रेषांमधले अंतर वाढताना नर्सला त्याच महिन्यात दिसते. राजधानीतल्या डॅशबोर्डवर ते उमटेपर्यंत बाळाची डोसची तारीख उलटून गेलेली असते.

आपले,
आरोग्य माहिती व्यवस्थेत काम करणारे काही वाचक, पुणे