बिनजाळीचा व्हरांडा

प्रिय मावशी,

अचोली भाषेत भेटल्यावरही 'अप्वोयो' म्हणायचं आणि आभार मानतानाही 'अप्वोयो'च. दोन वर्षं तुमच्याकडे भाड्याने राहिले, शब्द रोज तोंडात होता. पण आभाराचा असा नीट एकदाही म्हटला नाही. तो आज मराठीत लिहिते. तुम्हाला फोनवर सांगेनच, पण माझ्या माणसांनाही तुम्ही कळायला हव्यात.

युगांडातलं गुलू मला आधी फक्त युद्धामुळे ठाऊक होतं. आल्या आठवड्यातच मी तुमच्यामागे लागले, व्हरांड्याला लोखंडी जाळी बसवा. तुम्ही 'नाही' एवढंच म्हणालात. मला रागच आला होता.

मग मलेरिया झाला. तिसऱ्या रात्री ताप उतरला तरी झोप येईना, तेव्हा तुम्ही मला धरून व्हरांड्यात आणलंत, चटईवर बसवलंत आणि बोलायला लागलात. 2003-04 च्या सुमारास तिन्हीसांजा झाल्या की आसपासच्या खेड्यांतून आणि छावण्यांतून मुलं चालत शहरात यायची. बंडखोरांचा म्होरक्या जोसेफ कोनी, त्याची माणसं रात्री मुलं पळवून न्यायची, हातात बंदुका द्यायची. म्हणून आईबापच त्यांना पाठवायचे. उत्तर युगांडात ऐन वेळी अशी 40,000 च्या आसपास मुलं रोज चालत होती. बसस्थानकात, दुकानांच्या ओट्यांवर, लाकोर रुग्णालयाच्या आवारात झोपायची, उजाडलं की परत निघायची. काही तुमच्या व्हरांड्यात. "जाळी असती तर ती आत कुठून आली असती?" तुम्ही विचारलंत. खांबाजवळची जागा दाखवलीत. तिथे एक लहानगी भिंतीला पाठ लावून झोपायची आणि सकाळी अंथरलेलं पोतं चौघडी करून ठेवून जायची. 2006 च्या शस्त्रसंधीनंतर मुलांचं येणं थांबलं. जाळी मात्र तुम्ही बसवली नाहीत.

बरी झाल्यावर तुम्हीच मला लाकोरला नेलंत. 2000 च्या इबोलात रुग्णांपाशी उभे राहिलेले आणि त्याच साथीत 5 डिसेंबरला गेलेले डॉ. मॅथ्यू लुक्विया यांची समाधी तिथे आहे. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसता दगडावरचा पाला हाताने बाजूला केलात.

मला रोज कामावर सोडणारा बोडाबोडावाला, म्हणजे मोटारसायकल-टॅक्सीवाला, लहानपणी पळवला गेला होता, हे मला फार उशिरा कळलं. मुद्दाम त्याच्याच मोटारसायकलवर पाठवायचात तुम्ही. त्याला गिऱ्हाईक मिळावं म्हणून, आणि गल्लीतल्या सगळ्यांनी ते बघावं म्हणूनही, असं मला वाटतं. 'मातो ओपुट' या अचोली समेटाच्या विधीत दोन्हीकडची माणसं ओपुट झाडाच्या मुळाचं कडू पेय एकत्र पितात, हे मी कधीतरी वाचलं होतं. तुमच्या गल्लीत समेट रोज सकाळी सव्वाआठला घडताना पाहिला.

आणि मालाक्वांगची ती पालेभाजी! पहिल्याच घासाला मी ओरडले होते, "अहो, ही तर आमची अंबाडी!" तोच आंबटपणा, वर ओडी, म्हणजे शेंगदाण्या-तिळाचं वाटण. आईच्या हातची आठवण आली आणि पानावरच रडू फुटलं. तुम्ही न विचारता आणखी वाढलंत.

ओडीची बरणी पुरवून पुरवून वापरतेय, तळाला आलीय. दिवाळीनंतर येते. खांबाजवळ माझी चटई घालून ठेवा.

तुमची,
मागच्या खोलीतली भाडेकरू