साडेसहा ते नऊ : तालमीच्या खोलीसाठी आवाहन

रामराम मंडळी,

बोरी नदीकाठच्या आपल्या गावात भजनी मंडळ, वहीगायनाची (डफावरच्या खानदेशी लोकगाण्यांची) मंडळी आणि महिला बचत गट मिळून दारू सोडलेल्यांसाठी तालमीची जुनी खोली रोज संध्याकाळी साडेसहा ते नऊ उघडी ठेवणार आहेत. त्यासाठी काही वस्तू, थोडे पैसे आणि बरीचशी माणसं हवी आहेत.

दारू सुटते व्यसनमुक्ती केंद्रात आणि परत लागते गावात. महिना-सव्वा महिना उपचार घेऊन माणूस घरी येतो. शेतातून सहाला परतला की पुढचे तीन तास त्याला रिकामे. पारावर जावं तर तिथे जुनेच सोबती, घरात बसावं तर सगळ्यांची नजर त्याच्या खिशावर. मग मोबाइल, मोबाइलवर रमी आणि शेवटी गुत्ता. पूर्वी खळ्यात रात्री माणसं जमायची, कामही व्हायचं आणि गाणंही. आता ठिबकचा कॉक फिरवायला एकटाच जातो, एकटाच येतो. मोकळं व्हायचं ठिकाण उरलं ते वरातीतला डीजे, आणि तिथे नाचायचं तर आधी घ्यावी लागते, अशी पोरांची समजूत झाली आहे.

आपल्याकडे याचा उपाय जुना आहे. कानबाई ही आपली खानदेशची देवी; तिच्या रोटाला, म्हणजे सणाच्या प्रसादाला, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे गहू मोजून घेतात. पिणाराही त्या मापातून वगळला जात नाही. रात्रभर जागरण, गाणी, फुगड्या, आणि सोमवारी नदीवर अख्खं भाऊबंद. पण कानबाई श्रावणात एकदाच येते, संध्याकाळ रोज होते.

खोलीत काय होईल? सात वाजता चहा, मग गोल बसून भजन किंवा वही. पहिली दहा मिनिटं ठाय (संथ) लयीत, म्हणजे ज्याला येत नाही त्यालाही टाळ धरता येतो. मग लय वाढते, अर्ध्या तासात घाम फुटतो, आवाज मोकळा होतो. त्यानंतर ज्याला बोलायचं त्याने बोलावं, नसेल तर गप्प बसावं. उपदेश कोणी करायचा नाही. आलेल्याला फक्त ‘ये भो, बठ’ (ये भाऊ, बस) एवढंच म्हणायचं. काल का आला नाहीस, हे विचारायचं नाही.

लाऊडस्पीकर देऊ नका, आम्ही घेणार नाही. माइक आला की एक गाणारा आणि बाकी सगळे ऐकणारे होतात. खुर्च्याही नकोत, त्या ओळीत लागतात आणि सभा होते.

आता एक महत्त्वाचं, घरच्यांसाठी. रोज सकाळपासून पिणाऱ्याची दारू माळ घालून एका दिवसात तोडू नका. शेवटच्या घोटानंतर साधारण सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, बडबड, ताप, आणि यात जीवही जातो. हे ‘बाहेरचं’ नसतं, भगताकडे वेळ घालवू नका. दवाखान्यात नेल्यावर रोज किती पितो आणि शेवटची कधी घेतली, हे खरं सांगा. ते कळलं की सलाईनमधून ग्लुकोज देण्याआधी डॉक्टर बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. माळ आठ दिवस उशिरा घातली तर विठोबा रागावत नाही. आणि चहात गुपचूप औषध मिसळणं बंद करा. अशा पुड्यांत डायसल्फिरॅम असेल आणि माणूस वरून प्याला, तर उलट्या होतात, छातीत धडधडतं, रक्तदाब कोसळतो. ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीत आणि त्या माणसाला सांगूनच द्यायचं असतं. व्यसनासाठी सरकारी हेल्पलाइन 14446, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस 14416, रुग्णवाहिका 108. रात्री रुग्णवाहिकेला उशीर झाला तर गाडी काढतील अशी पाच चारचाकीवाल्यांची नावं आम्हाला हवी आहेत.

खर्चाचं सांगतो. छताचे 10 फुटी 6 पत्रे बदलायचे, 6,600 रुपये. जुने पत्रे खोलगट नळीत ठोकले होते, पाणी तिथूनच वाहतं म्हणून गळतात. नवीन पत्र्यांना उंचवट्यावर भोक पाडून हुक आणि डांबरी वायसर लावायचे. टाळ 12 जोड, 7,200. पखवाज 9,500. पेटीची दुरुस्ती 3,000, तिच्या भात्याला उंदरांनी भोकं पाडली आहेत. दोन डफ 3,000 आणि चार सतरंज्या 3,600. एकूण 32,900. जमा आहेत 11,400, कमी पडतात 21,500. पखवाज कोणाच्या घरी पडून असेल तर नवीन घेणार नाही. फक्त डाव्या बाजूला आवाजासाठी लावलेली कणीक रोज खरवडून ठेवावी लागते, राहिली की वाळून चामडं तडकतं आणि उंदीरही तिथेच येतात.

चहासाठी रोख नको, एका घराने महिन्यातला एक दिवस घ्यावा. तीस माणसांना दूध दीड लिटर, पाणी एक लिटर, साखर 400 ग्रॅम, पत्ती 75 ग्रॅम. सोबत किलोभर फुटाणे. नुकती सोडलेल्याला संध्याकाळची भूक आणि पिण्याची ओढ वेगळी ओळखता येत नाही. पोटात काही गेलं की ओढ थोडी तरी बसते.

सगळ्यात कमी पडतात ती माणसं. केंद्रातून आलेल्या प्रत्येकाला पहिले तीन महिने एक सोबती हवा, जो सहाला त्याच्या शेताच्या बांधावर जाईल आणि गुत्त्याची गल्ली टाळून त्याला खोलीपर्यंत आणेल. बाजाराचा दिवस, कापसाचे पैसे येण्याचा दिवस आणि पोळा, या तीन वेळी दोघं लागतात. घरचा माणूस सोबती नको; त्याच्याशी आधीच भांडणं झालेली असतात.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची 1935 मध्ये सुरू झालेली संघटना स्वतःच्या सभासदांच्या वर्गणीवर चालते. ती बाहेरची देणगी घेत नाही. त्यांच्या गटाला बैठकीसाठी खोली हवी असेल तर रविवारची सकाळ मोकळी आहे, भाडं ते देतील तेवढं घेऊ. आम्ही मात्र दारूच्या धंद्यातून आणि उमेदवाराकडून आलेला पैसा परत करू. निवडणुकीत बाटली वाटायची आणि वर पखवाजावर नाव घालायचं, हे जमणार नाही.

पैसे आणि वस्तू ग्रामपंचायत कार्यालयात सकाळी दहा ते बारा, पावती घेतल्याशिवाय देऊ नका. हिशेब दर महिन्याला फळ्यावर लागेल. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पत्त्यांचे डाव बसायच्या आत खोली सुरू करायची आहे, आणि मृग लागायच्या आत पत्रे चढवायचे आहेत. टाळ मागाहून आले तरी चालतील, पत्रे नाही.