‘मॅजिक’ मायेतून निघालेले नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतील शब्दांच्या चौकटीत इंग्रजी ‘मॅजिक’ संस्कृत ‘माया’वरून आणि ‘पॉवर’ ‘प्रभाव’वरून आल्याचे छापले आहे. अशी कात्रणे शाळांच्या सूचनाफलकावर लागायला वेळ लागत नाही, म्हणून हा खुलासा.

आजचे उच्चार शेजारी-शेजारी ठेवून सोयरीक जुळवली की असे होते. पाहायचे असते ते शब्दाचे सर्वांत जुने रूप. ‘मॅजिक’ चौदाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचमधून इंग्रजीत आला. फ्रेंचने तो लॅटिनकडून घेतला आणि लॅटिनने ग्रीककडून. ग्रीकांचा ‘मागोस’ म्हणजे इराणी पुरोहित, मूळ शब्द प्राचीन फारसी ‘मगुश’. प्राचीन इराणचा सम्राट दारियस याच्या बेहिस्तून शिलालेखात गादी बळकावणाऱ्या ‘गौमाता’ नावाच्या माणसाला हेच बिरुद लावले आहे. म्हणजे शब्दात ‘ग’ पहिल्यापासून आहे. ‘माया’त तो आणायचा कुठून? संस्कृतात याचा खरा भाऊबंद हवाच असेल तर वराहमिहिराची ‘बृहत्संहिता’ उघडावी. सूर्यमूर्तीची स्थापना ‘मग’ ब्राह्मणांनी करावी असे तिथे सांगितले आहे, आणि हे मगही मूळचे इराणकडचेच. गंमत म्हणजे ज्या ‘जादू’ला आपण फारसी म्हणून परका समजतो, तो वेदांतल्या ‘यातु’चा (अर्थ जादूटोणा), म्हणजे राक्षसाला लावल्या जाणाऱ्या ‘यातुधान’ या शब्दातल्या यातुचा, सख्खा चुलतभाऊ आहे. चौकटीत हे आले असते तर बहार आली असती.

‘पॉवर’ लॅटिन ‘पोस्से’वरून, जुन्या फ्रेंचमार्गे आला. पोस्से म्हणजे शकणे. ‘पॉसिबल’ आणि ‘पोटेन्ट’ त्याच घरातले. आपल्याकडे ‘शक्’ धातूपासून ‘शक्ती’ही होते आणि ‘शक्य’ही, तसेच हे. इंग्रजीचा घरचा शब्द ‘माइट’. तोही दहावीच्या व्याकरणात भेटणाऱ्या ‘मे’ या क्रियापदाच्याच मुळाचा, अर्थ पुन्हा शकणे. ‘पॉवर’ पाहुणा आहे हे त्याच्या ‘प’वरूनच ओळखता येते. शब्दारंभीचा मूळ ‘प’ इंग्रजीच्या घराण्यात ‘फ’ होतो: पितृ–फादर, पाद–फूट. ‘पॉवर’चा ‘प’ शाबूत राहिला, कारण तो लॅटिनच्या वाटेने आला. संस्कृतातला त्याचा नातलग ‘प्रभाव’ नसून ‘पति’ आहे, म्हणजे धनी, स्वामी. ‘दंपती’तला ‘दम्’ म्हणजे घर. वेदात एकवचनी ‘दंपति’ हा घरधनी असतो. तोच समास ग्रीकमध्ये ‘देस्पोतेस’ झाला आणि इंग्रजीत ‘डेस्पॉट’, म्हणजे हुकूमशहा. घरधन्याचा हुकूमशहा कसा होतो, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

मंत्रतंत्राचे बाकीचे बरेच शब्द साध्या बोलण्या-गाण्यातून आले आहेत. ‘चार्म’ लॅटिन ‘कार्मेन’वरून, म्हणजे गीत. ‘एन्चान्ट’मध्ये लॅटिनचे ‘गाणे’ हे क्रियापद आहे. जुन्या इंग्रजीत ‘स्पेल’ म्हणजे नुसते कथन. ‘गॉस्पेल’ म्हणजे शुभवार्ता, त्यातला ‘स्पेल’ हाच. मंत्र हा अर्थ त्याला सोळाव्या शतकात चिकटला. स्पेलिंगमधले ‘स्पेल’ मात्र फ्रेंचमार्गे फिरून आले. आणि साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत पार्लरच्या पाट्यांवर दिसणारे ‘ग्लॅमर’ हे चक्क ‘ग्रामर’चे स्कॉटिश रूप आहे. पोथ्या वाचणारा माणूस काहीतरी गूढ जाणतो अशी लोकांची समजूत होती, त्यातून ‘नजरबंदी’ हा अर्थ आला. व्याकरणाला कंटाळलेल्या मुलांना एवढे जरूर सांगावे.

आता ‘काळी जादू’. ग्रीक ‘नेक्रोमान्तेइया’ म्हणजे मृतांकडून भविष्य वदवून घेणे; ‘नेक्रोस’ म्हणजे प्रेत. मध्ययुगीन लॅटिनमध्ये लेखकांनी ‘नेक्रो’चे ‘निग्रो’ केले, कारण लॅटिनमध्ये ‘निगेर’ म्हणजे काळा. प्रेतविद्येची काळी विद्या झाली ती या घोटाळ्यातून. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्याचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, त्या 2013च्या कायद्याच्या मराठी नावात ‘जादूटोणा’ आहे, काळा रंग कुठेच नाही. तो इंग्रजी नावात शिरला. त्यामुळे मराठी बातमीत या कायद्याला ‘ब्लॅक मॅजिक कायदा’ म्हणण्याचे काहीच कारण नाही.

चौकट बंद करू नये, ती वाचली जाते. फक्त प्रत्येक शब्दापुढे तो इंग्रजीत कोणत्या शतकात आला, मधली भाषा कोणती आणि तेव्हाचा अर्थ काय, एवढ्या तीन गोष्टी द्याव्यात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात तिन्ही मिळतात. व्युत्पत्तीत एखाद्या रूपाआधी तारा (*) दिसला तर ते रूप कुठे लिहिलेले सापडलेले नाही, अभ्यासकांनी तर्काने बांधलेले आहे असे समजावे, आणि छापताना तो तारा गाळू नये.

– इंग्रजीचे दोन निवृत्त शिक्षक, शाहूपुरी, सातारा