अण्णांची पेटी

परळ, मुंबई

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या वडिलांची, अण्णांची, लाकडी पेटी आणि माळ्यावरचा पसारा भंगारवाल्याला द्यायचा का, असं तू विचारलंस. देऊ नकोस. त्या पसाऱ्यात त्यांचं सगळं आयुष्य आहे, आणि त्यातलं बरंचसं आजही कामाचं आहे.

पेटीत सगळ्यात वर लाकडी फळी आहे, तिच्यावर होल्डर आणि सॉकेट ठोकलंय. तो अण्णांचा सिरीज बोर्ड. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, फिटर होते तेव्हाचा. १९८२ च्या संपात गिरणी सुटली आणि चाळीतल्या इस्त्र्या, पंखे, रेडिओ यांवर तुमचं घर उभं राहिलं, ते या फळीच्या जोरावर. फेजची तार बटणातून बल्बला, बल्बमधून सॉकेटला, न्यूट्रल थेट. बिघडलेली वस्तू या सॉकेटला लावायची. आत शॉर्ट असेल तर १०० वॉटचा बल्ब लख्ख पेटतो, आणि मजल्याचा फ्यूज शाबूत राहतो. बल्ब पेटलाच नाही तर कुठेतरी तार तुटलीय. चांगल्या पंख्याला तो मंद पेटतो. फसगत होते इस्त्रीत. ७५० वॉटची इस्त्री धडधाकट असली तरी बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो, आणि नवशिका तिला शॉर्ट समजून कॉइल बदलतो. अण्णा तिथे मीटर लावत. कॉइल ७० ओहमच्या आसपास आणि पिनेपासून पत्र्यापर्यंत काहीच जोड नाही, म्हणजे कॉइलचा दोष नाही.

म्हणून पेटीतले जुने, तारेचे बल्ब जपून ठेव. एलईडी बल्ब या बोर्डावर उपयोगाचा नाही. आणि एक लक्षात ठेव: बल्ब मंद असला तरी सॉकेटला शॉक पूर्ण बसतो.

बिघाड का झाला हे कळेपर्यंत अण्णा कुठलाही भाग बदलत नसत. पंखा हळू फिरतो म्हटलं की पुष्कळ जण थेट वाइंडिंग भरायला सांगतात. अण्णा आधी पातं हाताने फिरवून बघत. जड लागलं, खरखरलं तर बेअरिंग. मोकळं फिरलं तर २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर (कपॅसिटर) काढून मोजत. दीडच्या आसपास उतरला असेल तर दुखणं सापडलं. मोठा कंडेन्सर घालून वेग वाढवून द्या, असं कुणी म्हटलं तर साफ नकार, कारण स्टार्टिंगची वाइंडिंग तापून वार्निश जळतं. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण हे नाही. मला त्यांचा हा ताठा फार मोलाचा वाटतो.

२६ जुलै २००५ आठव. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि ताईचं कालिन्याचं घर चिखलात. पाणी ओसरल्यावर अण्णा पेटी घेऊन गेले ते सगळं चालू करूनच परतले. लोक भिजलेला मिक्सर पुसून, उन्हात ठेवून लगेच लावत होते आणि जाळून घेत होते. अण्णांनी उलट मोटारी उघडून आधी नळाच्या स्वच्छ पाण्याने धुतल्या. गाळातले क्षार वाळून आत राहिले की हवेतला दमटपणा ओढतात आणि करंट गळतो. मग खोक्यात ६० वॉटचा बल्ब पेटता ठेवून मोटारी दोन-तीन दिवस सुकवल्या. मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर, एक मेगओहमच्या वर आली तरच मोटार सिरीज बोर्डावर, नाहीतर परत खोक्यात. ताईच्या शेजाऱ्यांचेही मिक्सर त्यांनी असेच वाचवले आणि कुणाकडून पैसे घेतले नाहीत.

काकूंचं शिलाई मशीन जड चालतंय म्हणतोस. कुणीतरी खोबरेल तेल घातलं असणार. ते थंडीत थिजतं आणि जुनं झालं की चिकटतं. रॉकेलचे थेंब सोडून मशीन दोरा न लावता चालव, काळं पाणी पुसून घे, मगच मशीनचं तेल. पट्टा सैल असेल तर साधारण एक सेंटिमीटर कापून पुन्हा तार अडकव.

राहिला वॉल्व्हचा रेडिओ, ज्यावर अण्णांची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झला लागायची. तो एकदम प्लगला लावू नकोस. बरीच वर्षं बंद राहिलेले फिल्टर कंडेन्सर थेट २३० व्होल्टवर फुटू शकतात. सिरीज बोर्डावर ६० वॉटचा बल्ब लाव. सुरुवातीला बल्ब उजळ पेटेल, वॉल्व्ह तापले की मंदावेल. मंदावला नाही तर लगेच बंद कर. जोरात घुमल्यासारखा आवाज आला तर फिल्टर कंडेन्सर गेलेत. लॅमिंग्टन रोडवरून ३३ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे दोन आण. मागचं झाकण उघडायच्या आधी प्लग काढ आणि जुन्या कंडेन्सरमधला विजेचा साठा पेटीतल्या मोठ्या रेझिस्टरने उतरव. प्लस-मायनस उलटं लागलं तर नवेही फुटतील.

डाग द्यायचं, म्हणजे सोल्डरिंगचं, काम तुझ्या मुलीला दे. आजोबांनी तिला शिकवलंय: २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, आधी जोड तापवायचा, मग त्याला कथील लावायचं. तिचा हात तुझ्यापेक्षा स्थिर आहे.

काकूंना नमस्कार.

तुझा मित्र